आजी, एफसी रोड आणि थोडं आंबट

रविवार, सकाळचे साडेसात. फर्ग्युसन कॉलेजच्या गेटसमोर मी उभी आहे आणि एफसी रोड चक्क रिकामा! ना हॉर्न, ना पार्किंगवरून भांडणं. ‘वैशाली’ खुणावतेय, पण आज आधी चालायचं आणि मग खायचं असं ठरवलंय. आजीचा फंडा बरोब्बर उलटा होता. ‘आधी खाऊन घे. रस्ता कुठे पळून जातोय?’

आजी गेल्या वर्षी गेली. पेपरात द्यायच्या निधनवार्तेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मास कॉम केलेली नात असताना दुसरं कोण लिहिणार? मी लिहिलं, ‘प्रेमळ, शांत, सोशिक आणि मनमिळाऊ.’ आईने रडतरडत कागद वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘अगं, हे कोण गेलं?’ त्या तसल्या दिवशीही आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण मजकूर तोच छापून आला. ते मला अजून टोचतं.

कारण आजी शांत नव्हती आणि सोशिक तर मुळीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आता गोड बंद.’ ती म्हणाली, ‘खायचं ना? बोलायचं मी केव्हाच बंद केलंय.’ पोटच्या लेकीलाही सूट नव्हती. आईने पहिल्यांदा पुरणपोळी केली, तेव्हा आजीचा शेरा होता, ‘छान झालीय. पुढच्या वेळी पुरणही घाल.’ आई ही गोष्ट अजून सांगते, आणि दर वेळी शेवटी तिचा आवाज ओला होतो.

परवा आजीचं कपाट आवरताना एक जुनं पुस्तक सापडलं. ‘काही आंबट, काही गोड’, लेखिका शकुंतला परांजपे, साल १९७९. माझी ट्यूब पेटली. अरे, हा तर आजीचा डायलॉग! शेजारीण कशी आहे? काही आंबट, काही गोड. नवा जावई? काही आंबट, काही गोड. माझा बॉस? ‘आधी गोड कुठाय ते दाखव.’

मग मी या शकुंतलाबाईंच्या मागे लागले आणि लक्षात आलं, की त्यांच्या आयुष्याचे दोन मोठे स्टॉप आपल्या रोजच्या रस्त्यावरच आहेत. पहिला हाच, फर्ग्युसन. त्यांचे वडील र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर झाले आणि पुढे अनेक वर्षं या कॉलेजचे प्राचार्य होते. लेकीचा जन्म १९०६ चा. तिनेही केंब्रिज गाठलं, तेही गणितासाठीच! मग काही काळ जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी. फॉरेन पोस्टिंगचं आपल्याला काय ते अप्रूप!

चालत चालत गुडलक चौक. बनमस्क्याचा वास नाकात शिरतो, पण मी ठाम आहे. डेक्कनवरून प्रभात रोडला वळलं, की एकदम झाडं, जुने बंगले, सावली. या रस्त्याला नाव मिळालं ते ‘प्रभात’ फिल्म कंपनीमुळे. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. पुढे लॉ कॉलेज रोडला लागलं, की एफटीआयआय. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये सुरू झालं ते प्रभातच्याच जागेत. हा दुसरा स्टॉप.

१९३७ मध्ये इथे व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ झाला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या नीराची गोष्ट. त्यात शकुंतलाबाई होत्या त्या विधुराची समाजकार्य करणारी मुलगी, चित्रा. म्हणजे सावत्र आईपेक्षा मुलगीच मोठी! आजीला हे भारी आवडायचं. ‘आमच्याकडेही सासूबाई माझ्याहून लहान होत्या,’ ती म्हणायची. ‘वयाने नाही गं, वागण्याने.’

१९३८ मध्ये शकुंतलाबाईंना मुलगी झाली, सई. लग्न रशियन चित्रकाराशी झालं होतं, ते टिकलं नाही. लेकीला त्यांनी माहेरी वाढवलं. त्याच काळात त्या कुटुंबनियोजनाच्या कामात पडल्या. ज्या विषयावर लोक दारं लावून बोलायचे, त्यावर त्या उघड बोलल्या. मग विधान परिषद, १९६४ ते १९७० राज्यसभा, १९९१ मध्ये पद्मभूषण. सीव्ही वाचूनच दडपायला होतं ना? आणि याच बाईंनी १९७० मध्ये आपल्या इंग्रजी पुस्तकाला नाव काय दिलं, तर ‘सेन्स अँड नॉन्सेन्स’!

लेक सई परांजपे हिने पुढे ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ काढून अख्ख्या देशाला हसवलं. शकुंतलाबाई २००० मध्ये गेल्या. २००३ मध्ये त्यांच्या मराठी गोष्टीवरून मुलांचा हिंदी सिनेमा आला. नाव, ‘ये है चक्कड बक्कड बुम्बे बो’. आजी गेल्यावर तीन वर्षांनीही नातवंडांच्या वयाची पोरं तिच्या गोष्टीवर हसतायत, यापेक्षा भारी श्रद्धांजली कुठली?

एफटीआयआयच्या गेटबाहेर उभी राहून मी विचार करतेय. माणूस गेला की आपण त्याला पॉलिश करतो. पदव्या, पुरस्कार, सद्गुण सगळे राहतात आणि पहिल्यांदा खोडला जातो तो विनोद. बाईचा असेल तर जरा लवकरच. तिने सोसलेलं लिहायला आपल्याला आवडतं. तिने हाणलेले टोले लिहायला आपण कचरतो. मीही तेच केलं.

पण पुढच्या महिन्यात आजीचं पहिलं पुण्यस्मरण आहे. मजकूर पुन्हा मीच लिहिणार. तिथूनच आईला फोन लावला आणि वाचून दाखवला. ‘गोड कमी, आंबट जास्त. तरी पुन्हा मागावीशी वाटणारी आमची आजी.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग नाक ओढल्याचा आवाज.

‘हं,’ आई म्हणाली. ‘आता कशी आपली वाटतेय.’

तुम्हीही एखाद्या रविवारी निघा. फर्ग्युसन, गुडलक, प्रभात रोड, लॉ कॉलेज रोड. निवांत चाललात तर तासाभराचा वॉक. सोबत आई असेल तर तिला तिच्या आईबद्दल विचारा, आणि टोले पहिले विचारा. फक्त आमच्या आजीचं ऐका, आधी खाऊन घ्या. मी उपाशी चालले, परतताना बनमस्का संपला होता.