ऐकण्याजोगें

माझ्या आईचे डोळे काचबिंदूनें गेले. अगदींच अंधार झाला आहे असें नाहीं. उजव्या डोळ्यास खिडकीचा उजळ चौकोन अजून दिसतो. परंतु छापील अक्षर तिच्यापुरतें संपलें. जिनें तीस वर्षें खेड्यापाड्यांतील शाळांतून मुलांस शिकविलें, आणि जी रात्रीं उशाशीं पुस्तक घेतल्याविना कधीं निजली नाहीं, तिला हें किती जड गेलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

मी दिवसभर शाळेंत. घरीं ती एकटी. तेव्हां मीं तिला एक मोबाईल आणून दिला, तोंडानें बोलून त्यास आज्ञा कशी द्यावी तें शिकविलें, आणि मुलाचें कर्तव्य पार पडलें असें समजून मोकळा झालों. पुढील सर्व हकीकत माझ्या त्या मोकळें होण्याची आहे.

आरंभीं सर्व ठीक चाललें. ती कीर्तन मागे, यंत्र कीर्तन देई. एक संपलें कीं दुसरें आपोआप सुरू होई. परंतु थोड्याच दिवसांत यंत्र अख्ख्या कीर्तनाऐवजीं त्याचे तुकडे आणूं लागलें. आपल्या अकोले-संगमनेर भागांतील कीर्तनकार सबंध महाराष्ट्रांत ऐकले जातात. त्यांच्या दोन तासांच्या निरूपणांतून जेथें हंशा पिकला तेवढीं दोन मिनिटें कोणीतरी कापून काढतो, वर भडक मथळा चिकटवितो, आणि तींच जगभर हिंडतात. अभंग कोणता घेतला होता, दृष्टान्त कशासाठीं दिला होता, याचा मागमूस उरत नाहीं. तुकड्यांमागून घरगुती उपचार आले, उपचारांमागून राशिभविष्यें आलीं. सायंकाळीं मी घरीं आलों कीं आई म्हणे, “अरे, दिवसभर कानांवर काहीतरी पडत होतं, पण सांगायला गेलं तर एक धड आठवत नाही.” मी हंसून विषय टाळीं.

मग एके दिवशीं डॉक्टरांनीं तिच्या डोळ्यांतील दाब मोजला, तों तो फारच चढलेला. चौकशी करतां कळलें कीं, तीन आठवडे तिनें थेंब घालणें बंद केलें होतें. मोबाईलमधील एका गोड आवाजानें तिला सांगितलें होतें कीं, अमुक पाल्याचा रस पोटांत घेतला असतां काचबिंदु विरघळून जातो, आणि डॉक्टरी थेंबांनीं मात्र डोळ्याची नस सुकते. हा आवाज तिनें शोधून काढला नव्हता. कीर्तनाच्या शेपटीला धरून तो आपण होऊन घरांत शिरला होता. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंब उरलेली राखतात, एवढेंच. त्या दिवसांपूर्वीं दारांत कोण उभें आहे हें आईस ओळखूं येत असे. आतां खिडकीचा चौकोन.

मी तिच्यावर रागावलों नाहीं. रागावण्याचा अधिकारच मला नव्हता. तिनें केवळ ऐकलें होतें. काय ऐकावें हें पाहण्याचें काम माझें होतें, आणि तें मीं यंत्रावर सोंपवून दिलें होतें.

हें यंत्र निवड करितें म्हणजे काय करितें, हें मीं त्यानंतर समजून घेतलें. तें माणसासारखें भाषण ऐकून तोलीत नाहीं. आपण काय ऐकलें, किती वेळ ऐकलें, कोठें कंटाळून सोडलें, आणि आपल्यासारखे इतर श्रोते त्यापुढें कशांत रमले, याचा तें हिशेब ठेवितें, व त्या हिशेबानें पुढील जिन्नस पुढें करितें. श्रोता उठून जाऊं नये, कारण तो बसला तरच जाहिरात त्याच्या कानीं पडावयाची, हा सर्व खटाटोपाचा हेतु. बोलणारा खरें बोलतो कीं खोटें, हा त्या हिशेबाच्या वहींतला मुख्य रकाना नव्हे.

मग आपल्या जिल्ह्यांत पूर्वीं ऐकण्याची निवड होत तरी कशी असे? (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; जुन्या माणसांच्या तोंडीं ‘नगर’ बसलें आहे तें क्षमस्व.) माझ्या आजोळच्या गांवीं दरवर्षीं अखंड हरिनाम सप्ताह होई. सात रात्रीं सात कीर्तनें, आणि आठव्या दिवशीं काल्याचें. गोदावरीवरील सराला बेटाच्या सप्ताहास लाखो माणसें लोटतात. आमचा सप्ताह दोनतीनशें माणसांचा. परंतु कीर्तनकार ठरविण्याची काळजी तेथेंही तितकीच. कोणी एखादें नांव सुचविलें कीं वडीलधारी मंडळी विचारीत, “तूं स्वतः ऐकलंस का? शेवटपर्यंत बसलास का?” ऐकलें नसेल तर एखादा माणूस शेजारच्या गांवीं जाऊन, पूर्ण कीर्तन ऐकून येई. कीर्तन रटाळ निघालें तर सुचविणाऱ्यास दुसऱ्या सकाळीं पारावर त्याचा जाब द्यावा लागे. यंत्राला पारावर बसावें लागत नाहीं.

आपल्या मंडळींतही कानांची परंपरा कांहीं लहान नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास १८३१ सालीं सुरू झालें आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ सालीं येथेंच निघूं लागला; पण अक्षरओळख थोड्यांना, आणि कान सर्वांना. म्हणून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकांत याच गांवीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही कीर्तनास उभे राहिले. आणि त्याहीपूर्वीं, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं जो ग्रंथ सांगितला तो श्रोत्यांपुढें सांगितला. तो सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतला असें परंपरा सांगते. त्याच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून झाला आहे. बोलणाऱ्यानें अवधान मागावें आणि ऐकणाऱ्यानें तें विचारपूर्वक द्यावें, असा तो व्यवहार. माझ्या घरांत मात्र तें कोणी मागितलेंही नाहीं. तें परस्पर उचललें गेलें.

तेव्हां मीं सप्ताहाचीच रीत धरिली. ओळखीच्या दहा माणसांस एकच प्रश्न विचारला. “चांगलें काय आहे?” असें नव्हे, त्यास सर्वजण यंत्रानेंच दाखविलेलीं नांवें सांगतात. मीं विचारलें, “एक तासाहून लांब असें कोणतें बोलणें आपण शेवटपर्यंत ऐकलें, आणि त्यांतलें आज काय आठवतें?” पहिल्या अर्ध्यास उत्तरें भराभर आलीं. दुसऱ्या अर्ध्यापाशीं बहुतेक घुटमळले. दहांपैकीं तिघांनीं मात्र ऐकलेलें सांगावयास आरंभ केला, आणि एक गृहस्थ तर चहा निवेपर्यंत सांगत राहिले. त्या तिघांचीं नांवें माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. त्यांनीं सुचविलेलें सर्वच मला रुचतें असें नाहीं. परंतु त्यांची आवड कोणत्या बाजूस झुकते हें आतां मला ठाऊक आहे, आणि तितकें वजन मी वजा करूं शकतों.

एक धागा हातीं लागला कीं पुढचे धागे त्यांतूनच निघतात. अमित वर्मा यांचें ‘द सीन अँड द अनसीन’ हें इंग्रजी संभाषण २०१७ सालीं सुमारें वीस मिनिटांचें म्हणून सुरू झालें. आतां एकेक भाग कित्येक तासांचा असतो. इतकें लांबविण्याची गरज प्रत्येक वेळीं असते असें मला वाटत नाहीं. पण प्रत्येक भागासोबत बोलण्यांत आलेल्या पुस्तकांची व लेखांची यादी दिलेली असते, ती सोन्याची. बी.बी.सी.वर मेल्विन ब्रॅग यांनीं १९९८ पासून २०२५ पर्यंत चालविलेल्या ‘इन अवर टाइम’चीही तीच गोष्ट: विषय एक, जाणते विद्वान तीन, वेळ पाऊण तास, आणि शेवटीं वाचनाची यादी. आईस इंग्रजी कळत नाहीं. मी ऐकतों आणि जेवतांना तिला मराठींत सांगतों. सांगतां येईना तर मींच नीट ऐकलें नाहीं असें समजतों.

मराठींत शोध कठीण. लांब मुलाखती हल्लीं पुष्कळ होतात, परंतु पाहुण्याची प्रसिद्धि पाहून प्रश्न विचारले जातात, आणि तेच पाहुणे तेच किस्से घेऊन एका दुकानांतून दुसऱ्यांत जातात. म्हणून मीं कार्यक्रमाचा नाद सोडून माणसाच्या मागें जाण्याचें ठरविलें. ज्या लेखकाचें पुस्तक आईस पूर्वीं आवडलें होतें, ज्या संशोधकाचें व्याख्यान कोणी वाखाणलें होतें, त्याचें नांव स्वतः शोधांत घालावें, छोटे तुकडे सारे वगळावे, आणि जें सर्वांत लांब असेल तें आधीं उघडावें. पहिलीं पंधरा मिनिटें मी स्वतः ऐकतों. औषधपाण्याचें बोलणें असेल तर बोलणाराची पदवी कोणती तें पाहतों, आणि तरीही आमच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून तें आईच्या कानीं जाऊं देत नाहीं.

यंत्राचा बंदोबस्त मात्र माझ्याकडून होईना. तो आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलानें केला. (त्यानें आपलें नांव छापूं नये असें बजावलें आहे, गणिताच्या तासाचे गुण वाढविण्यासाठीं केलें असें मित्र म्हणतील, ही त्यास भीति.) मधल्या सुटींत त्यानें मला समजावून दिलें कीं, ‘पॉडकास्ट’ हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनीं २००४ सालीं ‘गार्डियन’ पत्रांत प्रथम वापरला, आणि त्याचें मूळ मर्म असें कीं प्रत्येक पॉडकास्टास ‘फीड’ नांवाचा एक कायमचा पत्ता असतो. तो पत्ता आपल्याजवळ असला कीं, टपालानें मासिक यावें तसा नवा भाग आपल्या यंत्रांत येऊन पडतो. मध्यें कोणी उभा राहून हें घ्या, तें घ्या असें म्हणत नाहीं. २०२४ सालीं गूगलनें आपलें पॉडकास्टचें ॲप बंद केलें. पण ज्यांच्यापाशीं पत्ते होते त्यांनीं ते दुसऱ्या ॲपमध्यें घातले आणि त्यांचें ऐकणें एक दिवसही अडलें नाहीं. त्यानें आईच्या मोबाईलमध्यें ‘अँटेनापॉड’ नांवाचें फुकट मिळणारें ॲप घातलें, आणि माझ्या वहींतील सात पत्ते त्यांत भरले. ज्यांस फीड नाहीं, जीं केवळ चित्रफितीच आहेत, त्यांचा आवाज मी शनिवारीं बसून स्वतः लावून देतों. एक संपल्यावर दुसरें आपोआप सुरू होण्याची सोय त्यानें बंद करून टाकली. घरांत पहिल्यांदा शांतता पसरली तेव्हां आई दचकली. “बंद पडलं का रे?” तिनें विचारलें. “नाही आई, संपलं,” मी म्हणालों.

माझी निवडही कांहीं सारी साधली नाहीं. मोठ्या उत्साहानें मीं तिला राज्यघटनेवरील एक व्याख्यान लावून दिलें. दहाव्या मिनिटास ती घोरूं लागली. मग मीं राहीबाई पोपेरे यांची एक लांब मुलाखत शोधली. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या ह्या बाईंस, गांवठी बियाणें जतन केल्याबद्दल, २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. आई उठून बसली. मुलाखत घेणारा मध्यें मध्यें तोंड घाली, तेव्हां ती मोबाईलवरच ओरडे, “अरे, त्या बाईला बोलू दे ना!” वालाच्या जातींचा विषय निघतांच तिनें मला आवाज थांबवावयास लावला, आणि तिची आई मडक्यांत राख घालून बीं कसें ठेवी, कोणता वाल भाजीस, कोणता डाळीस, हें अर्धा तास सांगितलें. तें मीं यापूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें. ती मुलाखत संपावयास आम्हांस तीन रात्रीं लागल्या.

हल्लीं आमचा क्रम असा. रात्रीं नऊ वाजतां मी तिच्या डोळ्यांत थेंब घालतों. त्यानंतर कांहीं मिनिटें तिला डोळे मिटून स्वस्थ पडावें लागतें. तेवढ्यांत मी वही उघडतों आणि आज काय आहे तें वाचून दाखवितों. ती लगेच हो म्हणत नाहीं. “हे कोणी सांगितलं?” असें आधीं विचारते. ग्रंथपालांनीं म्हटलें तर मान हलविते. त्या चहावाल्या गृहस्थांचें नांव घेतलें तर म्हणते, “मग लांब असणार. उशी नीट कर.” आणि कधीं मी म्हणालों कीं हें माझें मींच शोधलें, तर ती डोळे न उघडतां म्हणते, “बरं, थोडं लाव. बघू.”