ऊन पाणी

आमच्याकडं कोकणात जायचं म्हणजे 'खाली उतरायचं', आणि कोकणातला माणूस आमच्याकडं यायला निघाला की म्हणतो, 'घाटावर जाऊन येतो'. मधी सह्याद्री उभा. कोयनाकाठच्या आमच्या वाडवडलांचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत झालंय. गाड्या नव्हत्या तेव्हा माणसं डोक्यावर ओझं घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायची आणि येताना मीठ, सुकी मासळी घेऊन वर चढायची.

माझी सासू त्याच पिढीतली. तिचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, नदीच्या अगदी कडंला. धरण झालं, पाणी चढलं आणि गाव त्यात गेलं. माझ्या बायकोचा जन्म त्यानंतरचा, नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरातला. तिनं आईचं गाव डोळ्यांनी बघितलंच नाही. पण सासू म्हातारपणी सारखी तिथलंच बोलायची. ओढा, जांभळीचं झाड, देवळापुढची दीपमाळ. आणि त्यात एक गोष्ट हमखास यायची. लहानपणी ती बापाबरोबर खाली कोकणात गेली होती आणि तिथं जमिनीतनं ऊन पाणी येतं, ते तिनं बघितलं होतं. "चूल न्हाई, जाळ न्हाई, आन् पाणी कढत!" हे सांगताना तिचे डोळे मोठे व्हायचे.

माझ्या बायकोचे गुडघे पार गेलेत. चाळीस वर्षं भाताची लावण, भांगलण, उसाचा पाला. बसली की उठताना मेढ धरावी लागते. कराडच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, वाटी झिजली, बदलून घ्या. ही काही तयार होईना. म्हशीचं कोण बघणार, हे पहिलं कारण. दुसरं कारण भीतीचं, ते ती बोलून दाखवायची नाही. माघात ज्वारी हुरड्यावर आली होती, तेव्हा एक दिवस म्हणाली, "अवो, आईचं ते ऊन पाणी एकदा बघू या. पाय बुडवीन त्यात. मग तुम्ही म्हणाल तसं."

पुतण्याकडं पिकअप हाय. भाजी मार्केटला नेतो. तो म्हणाला, "तात्या, काकीला पुढं बसवू, मागं गादी टाकतो, दोन दिवसांत जाऊन येऊ." पहाटे निघालो.

पाटण सोडलं की डोंगर जवळ येत जातात. कोयनानगरला पोचलो तोवर ऊन पडलं होतं. मला ते गाव लागलं की अजून पोटात हलतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचं गाव खाली बरंच लांब, तरी भिंतीचा कोपरा ढासळला आणि आईनं मला कांबळ्यासकट उचलून अंगणात आणलं होतं. कोयनानगरच्या बाजूला घरंच्या घरं पडली, दीडशेच्या वर माणसं गेली. पुढं कित्येक महिने आम्ही अंगणातच झोपायचो.

पुतण्याला सरळ घाट उतरायचा होता. बायको म्हणाली, "जरा पाण्याकडं वळीव." मग आम्ही आडवाटेनं, जिथनं जलाशय दिसतो अशा एका उंचवट्यावर गेलो. शिवसागर म्हणतात त्याला. भरलं की १०५ टीएमसी. माघात पाणी थोडं उतरलेलं होतं, कडंची तांबडी माती उघडी पडली होती. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं रडंल. पण तिनं एवढंच विचारलं, "कंच्या अंगाला असंल वो?" मी काय सांगणार? हात करून दाखवावा असं काही वर राहिलेलंच नाही. आमच्या शेताला जे पाणी येतं, ज्यावर माझा ऊस उभा हाय, ते ह्याच धरणाचं. माझ्या सासूच्या गावावरनं आलेलं पाणी मी चाळीस वर्षं पिकाला दिलं. तिथं उभं राहिल्यावर हा हिशोब मनात आला आणि मी गप बसलो.

तिथनं पुढं कुंभार्ली घाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि खाली धुरकट कोकण. कोयना ही खरं तर पूर्वेला वाहणारी नदी, महाबळेश्वरला उगम आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण धरणातलं पुष्कळ पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातनं पश्चिमेला वळवलंय. ते खाली पोफळीच्या अंगाला कोसळतं, त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठी नदीनं समुद्राला जातं. म्हणजे सासू पायानं उतरली तो घाट आता पाणीसुद्धा उतरतं. घाटात वानरं रस्त्याकडंला बसलेली. लोक गाडीतनं केळी टाकतात. ती खायला ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. आम्ही काच लावून घेतली.

चिपळूणनंतर मुंबई-गोवा रस्ता लागला. तिथं रुंदीकरणाचं काम चाललेलं. फळी लावून गाड्या वळवलेल्या. एका ठिकाणी आम्ही वळणरस्त्यानं गेलो ते भलत्याच वाडीत निघालो. रस्ता एका खळ्यात संपला. खळ्यावर एक म्हातारा काजूच्या झाडाखाली बसला होता. त्यानं वाट सांगायच्या आधी आम्हाला पाणी दिलं आणि वर बोट केलं. उंच झाडाच्या ढोलीपाशी एक मोठा पक्षी, केवढीतरी पिवळी चोच. धनेश. म्हातारा म्हणाला, मादी ढोलीत अंडी घालते आणि आतनंच दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरनं फळं आणून भरवतो. नर मेला तर आतली उपाशी राहते. बायको मान वर करून बघत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ऐकलं का? दोन म्हयने बसून खाते ती." पुतण्या हसाय लागला. मलाही हसू आलं, पण बोलण्यातला काटा कळला. ऑपरेशन झालं तर हिला बसून राहावं लागणार आणि करणार कोण, हेच तिच्या डोक्यात होतं.

वाट चुकल्यानं दुपार टळली. आरवलीला गरम पाण्याची पहिली कुंडं लागली. तिथनं पुढं तुरळ, आणि जरा आत गेलं की राजवाडी. कोकणात अशी ऊन पाण्याची ठिकाणं एका ओळीत मांडल्यासारखी हायत. वर ठाण्याकडं वज्रेश्वरी-गणेशपुरी, मग महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, मग ही तीन आणि खाली राजापूर. लोकांना वाटतं खाली ज्वालामुखी हाय. तसं नाही. आपला काळा खडक लाव्हाचा हाय खरा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवला. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांनी खोल खोल मुरतं. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं की पंचवीस-तीस अंशांनी ऊब वाढते. तिथं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. ज्यानं खोल बोअर मारलीय त्याला हे पटंल. थंडीत खोल बोअरचं पाणी कोमट लागतं, त्याचाच हा थोरला भाऊ. गंधकाचा वास येतो तो वाटेतल्या खडकाचा गुण.

तुरळला हात घातला आणि झटकन मागं घेतला. तिथं बादलीत पाणी काढून निवू द्यावं लागतं. बायकोनं मात्र हात पाण्यावर धरला, वाफ लागंल इतका जवळ. "आई खोटं बोलत नव्हती," म्हणाली. तिच्या आईनं सांगितलेलं गाव, ओढा, जांभळ, दीपमाळ, सगळं पाण्याखाली गेलं. तिच्या गोष्टीतली एवढी एकच जागा जाग्यावर होती. मला हे तिथं उमगलं. ही गुडघ्यासाठी आली नव्हती.

कुंडाच्या कडंला बसवून निवलेलं पाणी मी तांब्यानं तिच्या गुडघ्यांवर ओतत राहिलो. बाजूला एक कोकणातली बाई आली होती, तिनं चौकशी केली, वर स्वतःच्या डब्यातली घावनं दिली. तासाभरानं बायको उठली ती मला न धरता.

मुक्काम देवरुखला केला. सकाळी साखरप्यावरनं आंबा घाट चढलो. घाटमाथ्यावर वळण घेतलं आणि पुतण्यानं गाडी थांबवली. पुढं गवे. सात-आठ, एक पिल्लू. काळं अंग, चारी पायांत पांढरे मोजे. मला गव्याचा राग. दोन वर्षांमागं आमच्याकडं मका आडवा केला, पंचनामा झाला, भरपाईला मी हेलपाटे घातले. त्या दिवशी मात्र धुक्यात उभा असलेला तो थोरला बैल बघून राग आठवंना. तो त्याच्या घरात होता. आमच्या मक्यात येतो तेव्हा तो वाट चुकलेला असतो. डोंगरात चारा आटला, पाणी आटलं की तो खाली येतो आणि उसात त्याला लपायला मिळतं. माझी भरपाई मला पाहिजे, ती मी मागणारच. पण त्याला शिव्या देणं मी त्या दिवसापासून सोडलं. बायको कुजबुजली, "इंजिन बंद कर रं." कळप निवांत रस्ता ओलांडून रानात गेला.

मलकापूर, कोकरूड, शेडगेवाडी, उंडाळे करत संध्याकाळी घरी आलो. तिसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा धरला. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "त्या पाण्यानं दुखणं निजवलं, नेलं न्हाई." आणि पोराला फोन लावायला सांगितला. ऑपरेशन चैत्रात झालं. दोन महिने म्हशीच्या धारा मी काढल्या. सुरुवातीला म्हैस लाथा झाडायची, मग माझ्या हाताला रुळली. बायको पलंगावरनं खिडकीतनं बघायची आणि सांगायची, "अंगठा मुडपू नका, मुठीनं पिळा."

आता ती काठीशिवाय बांधावर येते. परवा नातीला सांगत होती, चूल नाही, जाळ नाही, आन् पाणी कढत. नात म्हणाली, खोटं. येत्या माघात तिला घेऊन खाली उतरायचं ठरलंय.