एका ‘ॲड’ची गोष्ट

‘‘मॅडम, झोपलात का?’’

रात्री पावणेदोनला फोन करून हा प्रश्न विचारणाऱ्याला एरवी मी सॉलिड झापलं असतं. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि झोप खाडकन उडाली.

‘‘तुमच्या डॉक्युमेंटमधली सात नंबरची स्टेप... ती बरोबर आहे ना? कारण मी ती केली आणि सगळं गेलं.’’

‘सगळं’ म्हणजे सोळा सर्व्हर. आणि त्या सर्व्हरवर तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदारांच्या पगाराचे हिशेब. तारीख होती २६. आता बोला!

थांबा. मास कॉम केलेल्या, राउटर बंद पडला की शेजारच्या काकांना हाक मारणाऱ्या मुलीला सर्व्हरवाले मध्यरात्री फोन का करतात, ते आधी सांगते.

२०२२ चा पावसाळा. फ्रीलान्सिंगचे दिवस म्हणजे ‘पेमेंट पुढच्या आठवड्यात नक्की’ हे वाक्य ऐकत ऐकत घरभाड्याची तारीख गाठायची. अशात एका मैत्रिणीच्या ओळखीने काम आलं. नवी मुंबईतल्या एका कंपनीसाठी ‘रनबुक’ लिहायचं. रनबुक म्हणजे मशीनचं पाककृतींचं पुस्तक. अमुक बिघडलं तर आधी हे बघ, मग ते कर, घाबरू नकोस, वगैरे. कंपनीतले सगळ्यात जुने नेटवर्क इंजिनीअर तीन महिन्यांत रिटायर होणार होते आणि सगळी माहिती होती त्यांच्या डोक्यात, नाहीतर कव्हर फाटलेल्या एका वहीत. ‘‘सर बोलतील, तुम्ही लिहा,’’ एवढाच ब्रीफ. पैसे बरे होते. मी हो म्हटलं.

मग सुरू झाली ठाणे-वाशी लोकल, रबाळे स्टेशन, तिथून शेअर रिक्षा. सिनेमात दाखवतात तशी निळ्या दिव्यांची सर्व्हर रूम माझ्या डोक्यात होती. प्रत्यक्षात बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर! आणि आवाज! पंख्यांचा असा घुंऽऽ आवाज की, शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलायचं.

‘‘ही आपली चाळ,’’ सर ओरडून म्हणाले.

एचपीचं सी-७००० नावाचं चॅसिस. हे मॉडेल बाजारात आलं २००६ साली, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा. उंची जेमतेम दीड फूट. पुढून १६ खणांत १६ पातळ सर्व्हर उभे खोचलेले. यांनाच ‘ब्लेड’ म्हणतात. कोणालाच स्वतःचा पंखा नाही, स्वतःचा पॉवर सप्लाय नाही. सगळ्या चाळीत मिळून १० पंखे आणि ६ पॉवर सप्लाय. आणि मागच्या बाजूला नेटवर्क स्विच बसवायचे ८ खण, म्हणजे ‘बे’. आमच्याकडे पहिल्या दोन बेमध्ये सिस्कोचे स्विच होते.

माझा पहिला बावळट प्रश्न : ‘‘सर, ब्लेडपासून स्विचपर्यंतची वायर कुठंय?’’

‘‘नाहीच!’’ सर खूश झाले. म्हणजे प्रश्न बावळट नव्हता. ब्लेड पुढून आत ढकलायचं, स्विच मागून. मध्ये एक मोठं सर्किट बोर्ड असतं, त्याला मिडप्लेन म्हणतात. दोघं त्यावर पाठीला पाठ लावून बसतात. पाच नंबरच्या ब्लेडचं पहिलं नेटवर्क पोर्ट जातं बे १ च्या स्विचच्या पाच नंबर पोर्टला आणि दुसरं जातं बे २ च्या पाचला. हे कायमचं ठरलेलं. सरांच्या मते अर्धे घोळ इथेच होतात. कोणीतरी ब्लेड पाचातून उपसून नवाच्या खणात घालतं, नेटवर्क जातं आणि मग सगळे सर्व्हरला शिव्या देत बसतात. अहो, सर्व्हर ठणठणीत असतो. सेटिंग स्विचच्या पोर्टवर केलेलं असतं, ब्लेडवर नाही. बिऱ्हाड हललं, दारावरची पाटी तिथेच राहिली!

मला हे सगळं आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. आणि तिथेच माती खाल्ली.

आता सात नंबरची स्टेप. एकाच स्विचवर अनेक वेगळी नेटवर्क चालवता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. प्रत्येकाला एक नंबर. हिशेबाचं वेगळं, टेस्टिंगचं वेगळं, स्विच सांभाळणाऱ्यांचं वेगळं. स्विचमधून बाहेर पडणारी जी मोठी वायर असते, ती ‘ट्रंक’. तिच्यावरून सगळे व्हीलॅन जातात. पण कोणाकोणाला सोडायचं, याची यादी असते. आपल्या सोसायटीच्या वॉचमनकडे असते ना, तशी.

यादी पहिल्यांदा बनवताना कमांड असते ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ आणि पुढे नंबर. नंतर एखादा नंबर वाढवायचा असेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड’ आणि पुढे नवा नंबर.

माझ्या मसुद्यात या दोन ओळी दोन पानांवर होत्या. एकीत ‘ॲड’, एकीत नाही. कॉलेजात कॉपी एडिटिंगच्या तासाला आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवलेली : जास्तीचा शब्द दिसला की उडवा. ‘गाईचं गोमूत्र’ नको, ‘पिवळा पीतांबर’ नको. ‘अलाउड’ म्हटल्यावर पुन्हा ‘ॲड’ कशाला? एकदा सोडायचं म्हटलं की सोडायचं. मी तो शब्द काढला, दोन्ही ओळी सारख्या केल्या आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला गेले.

वॉचमनला सांगायचं होतं, ‘यादीत १३० लिही’. मी सांगितलं, ‘१३० ला सोड’. आणि त्या इमानदार वॉचमनने जुनी यादी फाडली आणि फक्त १३० लाच सोडायला सुरुवात केली.

हे त्या रात्री घडलं. नाइट शिफ्टला होता तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. मजल्यावर सगळे त्याला ‘ज्युनियर’च म्हणायचे. एका व्हेंडरमार्फत काँट्रॅक्टवर लागलेला. एंटर दाबला आणि त्याच्या स्क्रीनवरचा कर्सर जागच्या जागी थिजला. कारण तो ज्या नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरला होता, तेही त्या फाटलेल्या यादीतच होतं. आपण ज्या फांदीवर बसलोय, तीच तोडली!

मी कॉन्फरन्सवर सरांना घेतलं. तोवर ज्युनियर रडकुंडीला आला होता. ‘‘सर, स्विच चालू दाखवतोय. सोळाच्या सोळा ब्लेडची लिंक हिरवी आहे. पण एकही ब्लेड पिंग होत नाहीये.’’

‘‘टाइप केलेली कमांड वाच,’’ सर म्हणाले. ‘‘जशीच्या तशी.’’

त्याने वाचली. दोन सेकंद शांतता.

‘‘ॲड कुठंय?’’

मी फोन कानाला धरूनच सरांच्या वहीच्या पानाचा फोटो उघडला. ‘ॲड’. मोठ्या अक्षरांत. खाली दोन रेघा.

पुढच्या अर्ध्या मिनिटात सरांनी जे सांगितलं, ते मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं. ‘‘बे एकचा स्विच बंदच करून टाक.’’

आधीच सगळं बंद, त्यात आणखी बंद? पण फंडा असा होता. प्रत्येक ब्लेडला दोन वाटा, एक बे १ मधून आणि दुसरी बे २ मधून. पहिली वाट मेली तर ब्लेडने आपोआप दुसरीवर जायचं, याला टीमिंग म्हणतात. बे २ अजून धडधाकट होता, तिथे ज्युनियरने हात लावलेला नव्हता. मग ब्लेड तिकडे का गेले नाहीत? कारण आमच्याकडे ब्लेड फक्त लिंक बघायचे. मिडप्लेनपलीकडचा स्विच जिवंत आहे, दिवा हिरवा आहे, म्हणजे सगळं छान! पुढे फाटकावर वॉचमनने आपल्याला अडवलंय, हे त्या बिचाऱ्यांना कळायचा मार्गच नव्हता. अर्धमेला स्विच पूर्ण मेलेल्या स्विचपेक्षा वाईट.

चॅसिसला आत शिरायचं आणखी एक दार असतं, ऑनबोर्ड ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं. त्याची नेटवर्कची वायर वेगळी, त्यामुळे ते शाबूत होतं. ज्युनियर तिथून शिरला आणि बे १ ची पॉवर घालवली. सोळाही दिवे विझले. आणि पिंग यायला लागले... एक, तीन, सात, सोळा! सगळे ब्लेड निमूटपणे बे २ वर गेले. मग बे १ पुन्हा चालू केला तर तो जुनी यादी घेऊनच उठला, कारण बदल सेव्ह करायची स्टेप होती नऊ नंबरची. तिथपर्यंत ज्युनियर पोहोचलाच नव्हता. नशीब!

एकूण ५२ मिनिटं सगळं ठप्प होतं.

इथपर्यंतची चूक झाली चूक म्हणून. पुढची गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते.

फोन ठेवला आणि मी काय केलं? लॅपटॉप उघडला, कंपनीच्या शेअर्ड फोल्डरमधल्या फाइलमध्ये ‘ॲड’ टाकला आणि सेव्ह केलं. तेव्हा मनात काही काळंबेरं नव्हतं. पुन्हा कोणी तीच स्टेप करू नये एवढंच होतं. म्हणजे, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी अकराला मीटिंग. मॅनेजरनी प्रोजेक्टरवर तीच फाइल उघडली, सात नंबरची स्टेप मोठी केली. ‘‘हे बघा. इथे स्पष्ट लिहिलंय, ॲड. वाचायचे कष्ट घेतले नाहीत, दुसरं काय? सरळ सरळ ह्युमन एरर.’’

ज्युनियर रात्रभर जागा. डोळे लाल. तो आधी स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. स्वतःच्याच डोळ्यांवर शंका आल्यासारखं, की खरंच होता का तो शब्द तिथे? त्याने प्रिंट काढलेली नव्हती. जुनी फाइल होती फक्त माझ्या लॅपटॉपवर.

आणि मी गप्प होते. किती वेळ? दहा सेकंद असतील, वीस असतील. तेवढ्यात मी बराच हिशेब केला. शेवटचा हप्ता यायचा होता. हे काम नीट झालं असतं तर आणखी दोन कामांचं बोलणं चाललं होतं. ज्युनियरला कोणीतरी समज देईल, फार तर दुसऱ्या साइटवर पाठवतील... मनात हे सगळं येऊन गेलं. काँट्रॅक्टवरच्या मुलाला समज देत नाहीत, व्हेंडरला एक मेल टाकतात आणि उद्यापासून तो येत नाही, हेही मला माहीत होतं.

‘‘तो शब्द रात्री तिथे नव्हता,’’ मी म्हणाले. आवाज इतका बारीक की मॅनेजरनी ‘‘काय?’’ विचारलं. मग परत सांगावं लागलं, मोठ्याने. शब्द मी काढला. रात्री अडीचनंतर मीच परत टाकला. जुनी फाइल दाखवली.

पुढचं फार रंगवून सांगण्यासारखं नाही. माझा हप्ता अर्ध्यावर आला. ती दोन कामं आलीच नाहीत. मॅनेजर मला नंतर लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मोबाइलमध्ये बघत होते. ज्युनियरचं नाव रिपोर्टमधून निघालं. त्यात ‘डॉक्युमेंटेशन एरर’ असं आलं, म्हणजे मी.

सर मात्र कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसले. ओरडतील असं वाटलं होतं. कटिंगचा घोट घेऊन म्हणाले, ‘‘अगं, चूक माझीही आहे. मी तुला कमांड सांगितली, तिचं कारण नाही सांगितलं. कारण माहीत असतं तर तू हात लावला असतास का त्या शब्दाला?’’ मग खिशातून पेन काढलं. ‘‘आता लिही. आणि सातच्या आधी आणखी एक स्टेप घाल.’’

ती स्टेप अशी : बदल करण्यापूर्वी स्विचला सांगून ठेवायचं ‘रीलोड इन १०’. म्हणजे दहा मिनिटांनी तू स्वतःहून रीस्टार्ट हो. मग बदल करायचा. सगळं नीट असेल तर ‘रीलोड कॅन्सल’. आणि फांदी तुटलीच, आत शिरायची वाट बंद झालीच, तर शांत बसायचं. दहा मिनिटांनी स्विच आपोआप उठतो, जुनी सेव्ह केलेली यादी घेऊन. मात्र सेव्ह शेवटी करायचं, कॅन्सलच्याही नंतर. इतकी साधी गोष्ट सर कायम करायचे. इतकी सवयीची की, सांगायचीच राहिली.

पुढच्या शनिवारी रात्री तोच बदल पुन्हा करायचा होता. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले. ज्युनियरने मला बघून खुर्ची सरकवली. ‘मॅडम’चं ‘ताई’ कधी झालं, कळलं नाही. ‘‘ताई, तुम्ही वाचा, मी टाइप करतो.’’

मी एकेक शब्द वाचला, शाळेत शुद्धलेखन घालतात तसा. ‘रीलोड इन १०’. एंटर. मग ‘स्विचपोर्ट... ट्रंक... अलाउड... व्हीलॅन...’ आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, ‘‘ॲड!’’ १३०. एंटर.

कर्सर हलत होता. ट्रंकची यादी काढली. जुने सगळे नंबर जागेवर, शेवटी १३०. सोळाही ब्लेडना पिंग. त्याने पुन्हा एकदा सगळे तपासले, मग आणखी एकदा. तेवढ्यात स्क्रीनवर आपोआप ओळ उमटली, ‘शटडाउन इन ०:०५:००’. माझ्या पोटात गोळा.

‘‘घाबरू नका ताई, तो आपल्याला आठवण करून देतोय.’’ त्याने ‘रीलोड कॅन्सल’ टाइप केलं. ‘शटडाउन अबॉर्टेड’, स्विचने उत्तर दिलं. मग त्याने सेव्ह केलं, सात नंबरच्या स्टेपसमोर पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि बोटं मोडली.

‘‘चला, आता बे दोन. पहिल्यापासून वाचा.’’