मिशाळ नायिका

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा बदली माणूस ठाऊक असेल. नायिका गैरहजर असली की एखादा मिशाळ पोरगा संहिता हातात धरून तिची वाक्ये म्हणतो, आणि नायक त्याच्याकडे पाहून बिनदिक्कत प्रेमाची कबुली देतो! १९६३ पासून ही स्पर्धा पुण्यात चालू आहे. अशा मिशाळ प्रेयसी किती होऊन गेल्या असतील, देव जाणे.

हिंजवडीला संगणकाच्या कचेरीत असणारा माझा भाचा हेच करतो, हे मला अलीकडे कळले. वर्तमानपत्रांची, शाळांची संकेतस्थळे ज्या व्यवस्थेवर चालतात, तिच्यात एक 'कंट्रोलर' असतो. कोणी पान मागितले की तो मजकूर 'सर्व्हिस'कडून आणवतो. मजकूर नसला तर ४०४ हा आकडा सांगून हात वर करतो. आता परीक्षा घ्यायची ती कंट्रोलरची. त्यासाठी खरी सर्व्हिस आणि तिच्यामागचे कोठार कशाला? भाचा तिच्या जागी एक सोंग उभे करतो. त्याला म्हणतात 'मॉक'. "सातवे पान मागितले तर 'नाही' म्हण," एवढेच त्याला पढवायचे, आणि कंट्रोलर ४०४ म्हणतो का ते पाहायचे. शेकडो चाचण्या चहा गाळून होईपर्यंत उरकतात. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी तर २००० साली या सोंगांवर निबंधच सादर केला होता.

मी पडले मास्तरीण! मला शाळातपासणी आठवली. ठरलेले प्रश्न, ठरलेले हात वर.

"अरे, सोंग तू पढवलेलेच बोलणार. मग पास झाले कोण?"

तो हसला नाही. "आत्या, तेच तर झालं गं."

खरी सर्व्हिस नव्या आवृत्तीत 'नाही' म्हणण्याऐवजी रिकामा मजकूर पाठवू लागली होती. सोंग बिचारे जुनेच बोलत राहिले. चाचण्या साऱ्या हिरव्यागार. आणि एका शाळेच्या संकेतस्थळावर निकालाच्या दिवशी कोरे पान! पालक रात्री अकरापर्यंत तेच उघडून पाहत होते.

तरी सोंगांना मी नावे ठेवणार नाही. नायिका आल्याशिवाय तालीम नाही म्हटले, तर पडदा कधीच उघडायचा नाही. पण रंगीत तालीमही हवीच. भाचा आता खऱ्या सर्व्हिससकट, खऱ्या कोठारासकट थोड्या चाचण्या लिहितो. त्या रेंगाळतात, म्हणून वरच्या साहेबांना आवडत नाहीत. तो रात्री घरी बसून लिहितो. पहिली लिहिली ती त्या निकालाच्या पानाचीच. चालायला चार मिनिटे लागली. मी शेजारी बसून मोजली.