बॉनेटची गाडी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवडाभर लेथवर दुसऱ्यांचे शाफ्ट आणि बुश फिरत असतात. रविवारी शॉप बंद असतं, तेव्हा मी गावाकडच्या आमच्या गुऱ्हाळाच्या आवारात 1961 सालच्या एका टाटा-मर्सिडीज-बेंझ 312 खाली पाठ टेकून पडलेला असतो. जुन्या मोटारी जपणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ट्रक जपणारे फार थोडे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना छप्पर मिळालं, पॉलिश मिळालं. ज्या गाड्यांनी या मुलखातला गूळ, ऊस, कौलं, सिमेंट वाहिलं, त्या गॅसकटरखाली गेल्या.

ही गाडीही तिकडेच निघाली होती. भंगाराच्या यार्डात तिचं हाउसिंग ओंडक्यांवर टेकवलेलं होतं. हौदा कुणी उपटून नेलेला, केबिनच्या लाकडाला वाळवी लागलेली. यार्डवाल्याने चासी आणि इंजिन धरून किलोवर भाव सांगितला. तिथला माल जालन्याच्या भट्ट्यांना जातो आणि वितळून सळया होऊन बाहेर पडतो. मी बॉनेट उचललं. इंजिनाला हात लावून पंख्याला जोर दिला, तर क्रँक जरासा हलला. म्हणजे इंजिन जाम नव्हतं. तिथंच व्यवहार ठरला.

टाटांची टेल्को कंपनी 1945 साली जमशेदपुरात निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. 1954 मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी तिचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. 1969 मध्ये करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा उतरला. माझी गाडी ताऱ्याच्या काळातली. सहा सिलेंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 120 चा स्ट्रोक, 4580 सीसी आणि ताकद साधारण 90 अश्वशक्ती. आजची बरी मोटारसुद्धा एवढी ताकद दाखवते. तेवढ्यावर या गाड्या भरल्या हौद्यानिशी आंबा घाट आणि गगनबावड्याचा घाट चढल्या. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळणावर ड्रायव्हर जवळजवळ उभा राहून चाक ओढायचा.

माझ्याबरोबर कामाला एक मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेली, सगळं आयुष्य टाटाच्या गाड्यांवर काढलेलं. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला मालक म्हणतात. कितीही सांगितलं तरी बदलत नाहीत. इंजिन उघडायला बसलो तसा त्यांचा एकेक शोध सुरू झाला. वॉटर पंपाची बॉडी जर्मनीची नव्हती, जमशेदपूरचीही नव्हती. वाळूत हाताने साचा भरून ओतलेली होती, आणि एका कडेला राहिलेलं भोक पितळेने बुजवलेलं होतं. रॉकरचा शाफ्ट मागे कुणीतरी नवा टर्न करून घातलेला. मामांनी ती बॉडी उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, “हे आपल्याच गावचं काम हाय मालक. त्या वक्ताला पार्ट मिळत न्हवता, नमुना घेऊन यायचं आणि वतून न्यायचं.”

पुण्यातले जुन्या गाड्यांचे एक जाणकार स्नेही आहेत. त्यांनी सुचवलं की असले पार्ट काढून टाक, मूळचे परदेशातून मागव, म्हणजे गाडी ‘ओरिजिनल’ होईल. त्यांचा अभ्यास मोठा आहे, पण हे मला पटलं नाही. कारखान्यातून निघालेल्या दिवशी गाडी जशी होती तशीच ती करायची, हा नियम शोरूमच्या मोटारीला शोभतो. ट्रकचं आयुष्य तर दुरुस्तीतच जातं. इथल्या फौंड्रीने ऑइल इंजिनं ओतली, शेतकऱ्याच्या विहिरी उपशाला लावल्या, आणि त्याच हातांनी बाहेरच्या गाड्यांना पार्ट बनवून दिले. तो पंप काढून जर्मन पंप बसवला असता तर गाडीच्या आयुष्यातला आमच्या शहराचा भाग मीच कापून टाकला असता. म्हणून मी ठरवलं, जे चालतं ते राहील. जे मोडलंय तेवढंच बदलायचं, आणि बदलायचं तेही शक्यतो इथंच बनवून.

याची खरी परीक्षा झाली ती डिझेल पंपावर. या इंजिनाचा गव्हर्नर हवेवर चालतो. हवा आत जाण्याच्या तोंडाशी एक झडप असते. झडप मिटली की पुढे पोकळी तयार होते. ती पोकळी एका बारीक नळीने पंपाच्या पाठीमागच्या डबीत पोचते आणि तिथला चामड्याचा पडदा ओढून धरते. पडद्याला पंपाचा रॅक जोडलेला. पडदा ओढला गेला की डिझेल कमी. झडप उघडली की पोकळी सुटते, स्प्रिंग रॅक पुढे ढकलते, डिझेल वाढतं. किती साधी रचना आहे! पण पडद्याला चीर पडली तर पोकळी धरत नाही, स्प्रिंग रॅकला थेट पूर्ण डिझेलवर नेऊन ठेवते आणि इंजिन सुसाट सुटतं. पाय काढला तरी उतरत नाही. अशी सुटलेली इंजिनं कनेक्टिंग रॉड बाहेर फेकतात.

आमचा पडदा वाळून पापडासारखा झाला होता. बोटाने दाबला तर कडेला तडा गेला. नवा मिळेना. रबरी कापडाचा एक पर्याय मिळत होता, पण मामा त्याला तयार नव्हते. हलक्या ओढीवर ते कापड लवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी चामडं शोधत निघालो. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या जाड कातड्याचा असतो, पण वरच्या वेण्यांना शेळीचं पातळ, मऊ कातडं लागतं. चपला करणाऱ्या एका कारागिराकडे बसून मी जुना पडदा समोर ठेवला. त्यांनी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. हवा धरायची की पाणी, एवढंच विचारलं. हवा म्हटल्यावर त्यांनी मानेकडचा भाग बाजूला सारला आणि पाठीकडचं एकसारख्या जाडीचं कातडं निवडलं. उजेडासमोर धरून, ताणून, कुठं बारीक छिद्र दिसतं का ते पाहिलं, आणि मग रापीने एका दमात गोल काढला. कड कुठंही फाटली नव्हती. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी बळेच ठेवले.

कातडं तेलात मुरवून मऊ केलं, मधल्या चकत्यांत आवळलं. याची एक जुनी चाचणी आहे. बंद करायचा दांडा पूर्ण ओढून धरायचा, पोकळीच्या नळीचं तोंड बोटाने दाबायचं, आणि दांडा सोडायचा. पडदा धड असेल तर रॅक थोडासा परत येऊन जागेवर थांबतो. फुटका असेल तर सरळ धावत येतो. मामांनी अंगठा दाबला, मी दांडा सोडला. रॅक जरा सरकला आणि थांबला. मामांनी अंगठा तसाच ठेवला, बराच वेळ. रॅक हलला नाही. अंगठा उचलल्यावर तो खटकन पुढे आला, तेव्हा त्यांनी फक्त “धरतंय” एवढंच म्हटलं.

इंजिन चालू करायच्या आधी ग्लो प्लग तपासावे लागले. या इंजिनात सहाही प्लग एकाच साखळीत जोडलेले असतात. एक जळाला की सगळे बंद. सगळे ठीक असले की डॅशबोर्डवरची छोटी तार लालबुंद होते. ती लाल झाली की सेल्फ मारायचा. पहिल्यांदा सुरू करताना मामा हवेच्या तोंडापाशी जाड लाकडी फळी घेऊन उभे होते. इंजिन सुटलंच तर तोंड झाकून त्याची हवा तोडायची. फळी लागली नाही. आधी पांढरा धूर आला, दोन सिलेंडर अडखळले, मग सहाही एका लयीत लागले. झडप मिटताच इंजिन शांतपणे खाली उतरलं. शेळीच्या कातड्याचा तो गोल आपलं काम करत होता.

बाकीचं काम उरकत गेलं. केबिन बैलगाड्या बनवणाऱ्या गावच्या सुतारांनी सागवानात बांधली. दरवाजाच्या पत्र्यावरचे रंगाचे थर उतरवताना तळाशी ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ अशी पिवळी अक्षरं लागली. तिथंच खरडणं थांबवलं आणि त्यावर नुसतं व्हार्निश मारलं. टायर 20 इंची रिमचे, आणि रिमवर सुटी लॉक रिंग बसणारे. हे नवशिक्यांना आवर्जून सांगतो: रिंग खाचेत नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटून माणूस जागीच मरतो. रिमभोवती साखळी आवळल्याशिवाय आणि बाजूला उभं राहिल्याशिवाय हवा भरायची नाही. यात तडजोड नाही.

आता अडचण कायद्याची आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. चांगलं पाऊल होतं ते. पन्नास वर्षांहून जुनं वाहन, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, दहा वर्षांची नोंदणी, व्यापारी वापराला मनाई. पण व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी येतात, मालवाहू गाडी बसत नाही. म्हणजे माझ्या ट्रकने यापुढे एक किलो माल वाहिला नाही तरी कागदावर तो एक जुना धंद्याचा ट्रकच. प्रदर्शनात न्यायचा तर दुसऱ्या ट्रेलरवर चढवून न्यावा लागतो. जो ट्रक स्वतःच्या चाकांवर घाट चढला, त्याला दुसऱ्याच्या पाठीवर जाताना पाहणं मला सहन होत नाही. मी मंत्रालयाला लिहिलं आहे: पन्नास वर्षांवरच्या मालवाहू गाड्याही व्याख्येत घ्या, हवी तर हौदा रिकामा ठेवण्याची अट घाला, ब्रेकची तपासणी कडक करा.

तोवर गाडी आमच्याच रानात चालते. हंगामात फडातून गुऱ्हाळापर्यंत ऊस आणते. आयटीआयची काही मुलं रविवारी येतात. त्यांना स्कॅनर लावून गाडी तपासायला शिकवतात, पण डिझेल पंपाच्या टायमिंगला वाकडी नळी लावून थेंब कधी थांबतो ते त्यांनी पाहिलेलं नसतं. मामा त्यांच्या हातात नळी देतात आणि क्रँक हळूहळू फिरवायला लावतात. गेल्या खेपेला एका मुलीने थेंब अगदी खुणेवर थांबवला. या रविवारी किंगपिनचे बुश बसवायचे आहेत. ते मी शॉपवर गनमेटलमध्ये टर्न करून ठेवलेत, आणि रीमर तिच्याच हातात द्यायचा असं मामांनी आधीच सांगून ठेवलंय.