आधी लांबचं चाक

अम्मींना दुसऱ्या दिवशी यवतमाळला दवाखान्यात न्यायचं होतं आणि आमच्या जुन्या गाडीचं ब्रेकचं पेडल स्पंजासारखं आत जात होतं. लोहाऱ्यात घरासमोरच आम्ही नळ्यांतली हवा काढायला बसलो. मुलगा पेडलवर, पाना आमच्या हाती. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक जवळ, म्हणून तेच आधी घेतलं. चारही चाकं झाली, तरी पेडल नरमच. आम्ही मुलावर चिडलो, "नीट दाबत नाहीस!"

शेजारचे मिस्त्रीचाचा हसले. "सर, पोराला कशाला बोलता? आधी लांबचं चाक घ्या."

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पुढ्यात, उजवीकडे. म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तिथे कंपनीचं पुस्तक पाहावं. पेडल दाबून धरायचं, निप्पल सैल करायचं, तेल आलं की आवळायचं, मगच पाय उचलायचा. नाहीतर हवा परत आत शिरते. डबीतलं तेल संपू द्यायचं नाही, निघालेलं पुन्हा ओतायचं नाही.

पेडल घट्ट झालं. गल्लीतच हळू चालवून दोनदा ब्रेक लावून पाहिला. अम्मींना बसवण्याआधी मुलाला म्हणालो, "बेटा, चूक आमची होती." वर्गात रोज पायऱ्या शिकवणारे आम्ही!