तयार झाल्यावर येईल

डेबियन या लिनक्स वितरणाची १३ क्रमांकाची स्थिर आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाली. तिच्या आधीची ‘बुकवर्म’ १० जून २०२३ ची. मधल्या काळात ‘नवीन कधी येणार?’ असं ज्यांनी विचारलं, त्यांना बराच काळ एकच उत्तर मिळालं: तयार झाल्यावर. अगदी शेवटच्या टप्प्यात तेवढी तारीख सांगितली गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात महाविद्यालयांचं मोठं संकुल आहे. अशा ठिकाणी संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक जूनच्या आधी बसवावं लागतं, म्हणून हे उत्तर उडवाउडवीचं वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. ही वाट पाहणं हा त्या आवृत्तीच्या घडणीचाच भाग आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त फायदा जिथे हाताशी तज्ज्ञ नाही अशा ठिकाणांनाच होतो. मुंबई-पुण्यातल्या कंपनीत रात्री सर्व्हर बंद पडला, तर तो उठवायला माणसं पगारावर असतात. इथे प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी तीस संगणक सुरू झाले नाहीत, तर नंदुरबारहून किंवा धुळ्याहून माणूस येईपर्यंत परीक्षा संपलेली असते.

या काळात नेमकं काय चालतं, ते पाहू. डेबियनमध्ये नवं सॉफ्टवेअर आधी ‘सिड’ नावाच्या अस्थिर शाखेत येतं. तिथे त्यानं निकडीनुसार साधारण दोन, पाच किंवा दहा दिवस काढायचे, त्या मुदतीत नवा गंभीर दोष निघता कामा नये आणि त्याच्या येण्यानं दुसरं काही मोडता कामा नये. एवढं जमलं की ते ‘टेस्टिंग’ शाखेत सरकतं. या टेस्टिंगचीच पुढे स्थिर आवृत्ती होते, पण त्याआधी ती गोठवावी लागते. ट्रिक्सीसाठी हे गोठवणं १५ मार्च २०२५ ला सुरू झालं. त्या दिवसापासून मूलभूत लायब्ररींमधले मोठे फेरबदल थांबले. १५ एप्रिलपासून नव्या पॅकेजांना दार बंद झालं, १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांतला प्रत्येक बदल आवृत्तीचं काम पाहणाऱ्या गटाच्या नजरेखालून जाऊ लागला आणि २७ जुलैपासून त्या गटाच्या परवानगीशिवाय काहीच आत येईना. ज्यांनी साखर कारखाना जवळून पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल. गळीत हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीची कामं उरकली जातात, पण बॉयलर पेटवल्यावर नवी मिल बसवायला कोणी काढत नाही. ट्रिक्सीत ६९,८३० पॅकेजेस आहेत. त्यांतली १४,१०० हून अधिक नवी, तर ८,८४० हून अधिक जुनी पॅकेजेस या वेळी काढून टाकली. एवढ्या पसाऱ्यात कशामुळे काय मोडतं हे कळायचं असेल, तर बदल थांबवून बसण्याला पर्याय नाही. हे काम करणारे बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक आहेत, हेही ध्यानात असू द्यावं.

या थांबण्याचं मोल काय, याचा सर्वांत ठळक पुरावा २०२४ च्या मार्चमधला आहे. फायली आटोपशीर करणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवली होती. टोपणनावानं वावरणाऱ्या त्या इसमानं दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून प्रकल्पाच्या देखभालीचे अधिकार मिळवले होते. ही चोरवाट हाती लागली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या, आणि तीही डेबियन सिडवर काम करताना. दूरच्या संगणकात एसएसएचनं शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या धाग्यावरून त्यानं माग काढला आणि २९ मार्चला सगळं जगासमोर मांडलं. तोवर बाधित पॅकेज सिडमध्ये होतं, टेस्टिंगमध्येही शिरलं होतं. स्थिर शाखेत मात्र ५.४.१ होतं, त्यामुळे बुकवर्म वापरणाऱ्या कुणालाही धक्का लागला नाही. इथे नशिबाचाही वाटा होता, हे मला मान्य आहे. पण ज्यांना नवं लगेच हवं होतं त्यांनीच ते आधी वापरलं, त्यांच्यातल्याच एकाला खोट दिसली, आणि मागे थांबलेल्यांपर्यंत ती पोचलीच नाही. ही रचना तशीच आखलेली आहे.

यावर जाणकार लगेच २००८ ची आठवण करून देतील, आणि ती द्यायलाच हवी. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात एक बदल झाला. तपासणीचं साधन तक्रार करत होतं, म्हणून यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या भागातली काही ओळी काढल्या गेल्या. परिणामी तयार होणाऱ्या किल्ल्यांतली अनिश्चितता जवळपास फक्त प्रक्रिया क्रमांकावर येऊन ठेपली. म्हणजे एकेका प्रकारच्या किल्लीसाठी शक्यता उरल्या ३२,७६८. कोणालाही त्या एकेक करून ताडून पाहता आल्या असत्या. हा दोष गोठवण्याच्या काळातून सुखरूप निसटला, एप्रिल २००७ च्या ‘एच’ या स्थिर आवृत्तीत गेला आणि १३ मे २००८ ला जाहीर झाला. तेव्हा जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. मग थांबून काय मिळालं? याचं माझं उत्तर असं: थांबल्यामुळे सापडतात ते वापरात दिसणारे दोष. संगणक सुरू न होणं, छपाई अडकणं, एका पॅकेजामुळे दुसरं बंद पडणं हे दिसतं. गणितात लपलेली खोट नुसता वेळ दिल्यानं वर येत नाही, त्यासाठी तो भाग उमजणाऱ्यानं मूळ मजकूर वाचावा लागतो. स्थिर आवृत्ती म्हणजे निर्दोष आवृत्ती असं कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण प्रयोगशाळेचा रोजचा खोळंबा पहिल्या प्रकारच्या दोषांनी होतो, आणि तिथे थांबणं कामी येतं.

दुसरा आक्षेप तारखेचा. ‘सार्ज’ ही आवृत्ती ६ जून २००५ ला आली, तिच्या आधीची ‘वूडी’ १९ जुलै २००२ ला. जवळजवळ तीन वर्षं. या विलंबाला कंटाळलेल्यांना उबुंटूनं ऑक्टोबर २००४ पासून दर सहा महिन्यांनी ठरल्या महिन्यात नवी आवृत्ती देऊ केली. टीका योग्य होती आणि डेबियननं ती मनावर घेतली. सार्जनंतरच्या आवृत्त्या साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतरानं आल्या आहेत, आणि गोठवणं कधी सुरू होणार हे आता आधीच जाहीर होतं. थांबायचं कधी हे कॅलेंडर ठरवतं, सोडायचं कधी हे उरलेले दोष ठरवतात. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. शिवाय ठरल्या तारखेच्या पद्धतीलाही हाच नियम कधीतरी मानावा लागतो. एप्रिल २००६ मध्ये यायची उबुंटूची दीर्घ पाठबळाची पहिली आवृत्ती काम पुरं व्हावं म्हणून जूनवर ढकलली गेली. तिच्या क्रमांकातला ६.०६ त्याचीच साक्ष देतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: स्थिर म्हणजे शिळं. नव्या लॅपटॉपचं वायफाय चालत नाही, विद्यार्थ्याला नव्या पायथनमधली सोय हवी असते. यातला वायफायचा प्रश्न बराचसा सुटला आहे. २०२२ च्या मतदानानंतर लागणारं फर्मवेअर, ते मुक्त नसलं तरी, बुकवर्मपासून इन्स्टॉलरसोबतच येतं, आणि निवडक नवं सॉफ्टवेअर बॅकपोर्ट्समधून घेता येतं. पण गरीब प्रयोगशाळांची अडचण वेगळी आहे. ट्रिक्सीनं ३२-बिट इंटेल संगणकांसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल बंद केला. जिथे देणगीतून आलेली जुनी यंत्रं अजून चालतात, तिथे ही आवृत्ती बसणारच नाही, याचं मला वाईट वाटतं. अशा यंत्रांवर बुकवर्मच ठेवावं. त्याला जून २०२६ पर्यंत पूर्ण आणि त्यानंतर जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन पाठबळ आहे. बदली यंत्रांची तजवीज करायला तेवढी मुदत पुरते. ट्रिक्सीतच एक लांब पल्ल्याचं कामही झालं. ३२-बिट मोजणीत मावणारा काळ १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. त्यासाठी एआरएमसारख्या ३२-बिट रचनांवरची वेळेची मोजणी ६४-बिट केली गेली. एक लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेलं सगळं पुन्हा बांधायचं, अशी हजारो पॅकेजेस. आज पहिलीत असलेलं मूल तेव्हा महाविद्यालयात असेल. सहा महिन्यांच्या घाईत हे काम पेलणं अवघड होतं.

मराठीचा फायदाही या थांबण्यात आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर २००९ च्या ‘लेनी’पासून मराठीत आहे. पडद्यावरचा मजकूर रोज बदलत राहिला, तर मूठभर अनुवादकांनी त्यामागे किती पळायचं? मजकूर थांबतो, तेव्हाच मराठी त्याला गाठते. अक्षरांचंही तसंच. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ लिहिताना ‘ऱ्या’ नीट उमटायचा तर टंक आणि अक्षरं जुळवणारी लायब्ररी यांचं एकमेकांशी पटावं लागतं, आणि ते मराठी वाचणाऱ्यानंच तपासायला हवं. सरकारी वापरासाठी सी-डॅकनं घडवलेली ‘बॉस’ ही प्रणालीसुद्धा डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणजे डेबियनमध्ये वेळीच सुधारलेली मराठीची चूक पुढे तिथेही सुधारलेली मिळण्याची शक्यता असते.

म्हणून लोणखेड्यातल्या प्रयोगशाळांना माझं सांगणं दोन गोष्टींचं आहे. ट्रिक्सीची पहिली दुरुस्त आवृत्ती, १३.१, सप्टेंबर २०२५ मध्ये आली. सत्र संपल्यावर ट्रिक्सीची ताजी दुरुस्त आवृत्ती आधी एकाच यंत्रावर घालावी, छपाई, मराठी टंकलेखन आणि अभ्यासक्रमातली साधनं त्यावर चालवून पाहावीत आणि मगच बाकीच्यांना हात लावावा. दुसरी गोष्ट पुढच्या वेळेची. ‘फॉर्की’ ही पुढची आवृत्ती नेहमीच्या शिरस्त्यानं २०२७ च्या सुमारास यावी. तिचं गोठवणं सुरू झालं की संगणकशास्त्राच्या चार-पाच विद्यार्थ्यांनी एका सुट्या यंत्रावर मराठी इन्स्टॉलर पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत चालवावा, कुठे अनुवाद राहिला, कुठे जोडाक्षर तुटलं, कुठे गाडी अडली हे लिहून काढावं आणि ‘रिपोर्टबग’ या साधनानं कळवावं. त्यासाठी ना परवानगी लागते ना पैसे. यंत्राचं नाव, मॉडेल आणि अडलेल्या पायरीचा नेमका तपशील दिला, तर ती नोंद काम करणाऱ्यांना थेट वापरता येते.